म्युझिक सिस्टीमसाठी पॉवर कंडिशनर घ्यायचाय? आधी सॉकेट मोजा

नवा ॲम्प्लिफायर बुक केला की दुकानदाराचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "पॉवर कंडिशनरचं काय करताय?" नवख्या माणसाला वाटतं की कंडिशनर म्हणजे एक ठरावीक वस्तू. प्रत्यक्षात या नावाखाली निदान पाच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात: स्पाइक गार्ड, फिल्टर, स्टॅबिलायझर, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि वीज नव्याने तयार करून देणारा रिजनरेटर. प्रत्येकाचं काम निराळं आहे. व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर फिल्टर काही करू शकत नाही. स्पीकरमधली घूं थांबवायला स्टॅबिलायझर घेतला तर पैसे गेले आणि घूं तशीच राहिली, असं होतं.

म्हणून माझा आग्रह आहे की घरातल्या विजेत नेमका कोणता दोष आहे ते आधी शोधा, आणि त्या दोषापुरतंच उपकरण घ्या. बऱ्याच घरांत पहिला खर्च वायरमनवर करायला लागतो. कंडिशनरची पाळी नंतर येते, आणि कधीकधी येतच नाही.

पायरी १: दोन दिवस व्होल्टेज लिहून ठेवा

एक बऱ्यापैकी मल्टीमीटर घ्या, शक्यतो ट्रू आरएमएस (विजेची लाट वेडीवाकडी असली तरी बरोबर आकडा दाखवणारा). डायल एसी व्होल्टवर, सर्वांत मोठ्या रेंजवर ठेवा. लाल वायर 'व्ही' लिहिलेल्या भोकातच हवी. ती चुकून 'ए'च्या भोकात राहिली आणि तशीच सॉकेटात घातली तर सरळ शॉर्टसर्किट होतं. हात कोरडे, पायात चप्पल, आणि प्रोबच्या धातूच्या टोकापासून बोटं लांब. मीटर कधी हातात धरला नसेल तर पहिल्या वेळी जाणकार माणसाला शेजारी उभं करा.

सिस्टीम जिथे लावणार त्याच सॉकेटवर मोजा. समोरून पाहताना वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडचं फेजचं आणि डावीकडचं न्यूट्रलचं. फेज आणि न्यूट्रलमधला आकडा सकाळी उठल्यावर, दुपारी, दिवेलागणीला आणि झोपायच्या आधी, असा चार वेळा लिहा.

आपल्याकडे घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा, आणि त्यात ६ टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे साधारण २१६ ते २४४. शहरातल्या बऱ्याच सोसायट्यांत आकडा दिवसभर या पट्ट्यात राहतो. तुमचंही तसंच असेल तर स्टॅबिलायझरचा विषय इथेच संपला. गावाकडे, त्यातून डीपीपासून लाइनच्या शेवटच्या टोकाला घर असेल, तर चित्र वेगळं असतं. शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज १८०च्या खाली उतरतं आणि पंप बंद झाले की २५०च्या वर चढतं. गल्लीत छतांवर सोलर पॅनेल भरपूर असतील तर भर दुपारीही आकडा वर सरकलेला दिसू शकतो.

फ्रिक्वेन्सीची काळजी मात्र सोडून द्या. ३१ डिसेंबर २०१३ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन जोडली गेली आणि दक्षिणेची ग्रिड बाकी देशाशी एक झाली. इतक्या प्रचंड ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झच्या अगदी आसपास राहते. घरात उपकरण लावून त्यात सुधारणा करण्यासारखं काही उरत नाही.

पायरी २: अर्थिंग खरंच आहे का?

ही पायरी कृपा करून गाळू नका. आवाजाइतकाच इथे जिवाचा प्रश्न आहे.

त्याच सॉकेटवर आणखी दोन आकडे घ्या: फेज ते अर्थ, आणि न्यूट्रल ते अर्थ. हे मोजताना घरातले पंखे, फ्रिज, दिवे चालू असू द्या. फेज ते अर्थ हा आकडा फेज ते न्यूट्रलच्या जवळपास यायला हवा. न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट, फार तर तीन. फेज ते अर्थ जर ६०, ९० असा काहीतरी लटकता आकडा दाखवत असेल तर अर्थची वायर कुठेतरी तुटलेली आहे किंवा मुळात ओढलेलीच नाही. न्यूट्रल ते अर्थ दहा-पंधरा व्होल्ट आलं तर न्यूट्रलचा जोड ढिला आहे, नाहीतर अर्थिंग कमजोर आहे.

सर्वांत फसवा आकडा शून्याचा. घरात भरपूर लोड चालू असूनही न्यूट्रल-अर्थमध्ये पक्का शून्य दिसला तर सॉकेट उघडून बघायला सांगा. काही वायरमन अर्थची वायर नसली की सॉकेटच्या आतच न्यूट्रलवरून तुकडा मारून अर्थच्या पिनला जोडतात. मीटर 'अर्थिंग आहे' म्हणतो, पण ज्या दिवशी मागे न्यूट्रल तुटेल त्या दिवशी ॲम्प्लिफायरच्या पत्र्यावर पूर्ण फेज येते.

जुन्या वाड्यांत आणि चाळींत एक अनुभव नेहमीचा. ॲम्पच्या ॲल्युमिनियमच्या पुढच्या पट्टीवरून बोटांची मागची बाजू हलकेच फिरवली की झिणझिण्या येतात, पत्रा खरखरीत असल्यासारखा लागतो. याचं कारण बहुतेक वेळा उपकरणाच्या आतल्या फिल्टरमध्ये असतं. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात, आणि गडबडीची वीज त्यांनी अर्थमध्ये सोडावी अशी अपेक्षा असते. अर्थच नसेल तर पत्रा दोहोंच्या मधोमध, साधारण ११५ व्होल्टवर तरंगतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण कारण तेच आहे असं गृहीत धरून बसू नका. आतलं इन्सुलेशन गेलं असेल तरी पत्रा असाच लागतो, म्हणून प्लग काढा आणि तपासून घ्या. अशा घरात महागडा फिल्टर आणून लावला तर त्यातलेही तसेच कपॅसिटर भर घालतात आणि झिणझिण्या वाढतात! अर्थ नसलेल्या घरात फिल्टरचं आणि सर्ज प्रोटेक्टरचं निम्मं काम होतच नाही.

तेव्हा परवानाधारक वायरमनला बोलावून अर्थिंग नीट करून घ्या. स्वतंत्र घर असेल तर नवा अर्थ पिट खोदता येतो. इमारतीत असाल तर मीटर रूममधल्या अर्थच्या पट्टीपर्यंत वायर खरंच पोचली आहे का ते पाहायला सांगा. डीबीमध्ये (घरातल्या सगळ्या लाइनी जिथून फुटतात त्या मुख्य बोर्डात) ३० मिलिअँपचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) नसेल तर याच फेरीत बसवून घ्या.

वायरमन आलाच आहे तर आणखी एक काम. सिस्टीमच्या बोर्डावर मीटर लावून ठेवा आणि त्याच बोर्डावर १००० वॅटची इस्त्री चालू करा. व्होल्टेज दोन-तीन व्होल्टने उतरलं तर ठीक. दहाने उतरलं तर वायर बारीक आहे किंवा कुठेतरी जोड ढिला आहे, आणि ढिला जोड पुढे तापतो. परवडत असेल तर डीबीपासून सिस्टीमपर्यंत २.५ किंवा ४ चौरस मिमी तांब्याच्या वायरची वेगळी लाइन ओढा, शेवटी १६ अँपचं चांगलं सॉकेट, आणि डीबीत तिच्यासाठी स्वतंत्र एमसीबी. तो सी कर्व्हचा घ्या. मोठ्या टोरॉइडल (कड्याच्या आकाराच्या) ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प चालू होताना क्षणभर खूप करंट ओढतो आणि बी कर्व्हचा एमसीबी विनाकारण पडतो. बाजारात ऑडिओच्या नावाने मिळणारी एक भारी पॉवर केबल ज्या किमतीला येते, त्यापेक्षा ही अख्खी लाइन बहुधा स्वस्तात होते. मला निवड करायची असेल तर मी डोळे झाकून लाइन निवडेन.

पायरी ३: उपकरणांच्या पाठी वाचा

प्रत्येक उपकरणामागे, नाहीतर त्याच्या ॲडॉप्टरवर, व्होल्टेज छापलेलं असतं. '१००–२४० व्ही' लिहिलं असेल तर आत एसएमपीएस (स्विचिंगवर चालणारी हलकी सप्लाय) आहे आणि ते १८०वरही बिनतक्रार चालतं. स्ट्रीमर (नेटवरून गाणी वाजवणारे), बहुतेक डॅक (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणारे) आणि आजकालचे बरेच क्लास डी (स्विचिंग पद्धतीचे) ॲम्प या गटात येतात. त्यांना स्टॅबिलायझर लागत नाही. फक्त व्होल्टेज २४०च्या फार वर जाऊ नये एवढं पाहायचं.

नुसतं '२३० व्ही' लिहिलेलं आणि उचलायला जड असेल तर आत साधा ट्रान्सफॉर्मर आहे. अशा ॲम्पची आतली डीसी सप्लाय बाहेरच्या व्होल्टेजबरोबर वर-खाली होते. व्होल्टेज १० टक्के उतरलं की जास्तीत जास्त पॉवर जवळपास २० टक्क्यांनी कमी होते. हळू आवाजात ऐकणाऱ्याला ते कळणारही नाही, पण मोठ्या आवाजात तबल्याची थाप फाटल्यासारखी येते. उलट २५५–२६० व्होल्ट रोज मिळत असतील तर ट्रान्सफॉर्मर तापतो, गुरगुरतो आणि कपॅसिटरचं आयुष्य घटतं.

पायरी ४: संरक्षण सगळ्यांनाच हवं

इथून पुढची खरेदी घरागणिक बदलते, पण संरक्षणाच्या दोन गोष्टी मी प्रत्येकाला घ्यायला सांगतो.

पहिली, डीबीमध्ये बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. थ्री-फेज लाइनचा न्यूट्रल खांबावर किंवा मीटर रूममध्ये तुटला की काही घरांत व्होल्टेज पडतं आणि काहींत ३००–३५०च्या वर जातं, जवळपास ४००पर्यंतसुद्धा. दिवे एकदम लखलखतात आणि मिनिटभरात टीव्ही, सेटटॉप बॉक्स, फ्रिज सगळंच जातं. आपल्याकडे साउंड सिस्टीम जळण्याचं हे मोठं कारण आहे, आणि स्पाइक गार्ड त्यात उपयोगी पडत नाही. हा प्रोटेक्टर ठरवलेल्या मर्यादेबाहेर व्होल्टेज गेलं की लाइन तोडतो आणि परिस्थिती सुधारल्यावर थोड्या वेळाने परत जोडतो. वरची मर्यादा २६०–२७०च्या आसपास ठेवा. किंमत स्पीकर केबलपेक्षाही कमी.

दुसरी, सर्ज प्रोटेक्टर म्हणजे एसपीडी. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात विदर्भ-मराठवाड्यात विजा किती पडतात ते वेगळं सांगायला नको. जवळपास वीज पडली की लाइनवर हजारो व्होल्टचा क्षणिक झटका येतो. एसपीडीमधला एमओव्ही नावाचा भाग तो झटका अर्थकडे वळवतो. डीबीत टाइप २चा एसपीडी आणि सिस्टीमजवळ चांगली सर्ज पट्टी, अशी जोडी ठेवा. एमओव्ही दर झटक्यागणिक थोडा झिजतो, म्हणून एसपीडीवरची हिरवी खूण पावसाळ्याआधी पाहा. लाल झाली असेल तर बदला.

एवढं करूनही गडगडाट सुरू झाला की प्लग काढाच. डिशची वायर, केबल टीव्हीची वायर आणि राउटरकडून येणारी लॅन केबलही काढा. विजेचा झटका बऱ्याचदा या मागच्या दारानेच आत येतो.

पायरी ५: स्टॅबिलायझर लागणारच असेल तर

पहिल्या पायरीतले आकडे २१०च्या खाली किंवा २५०च्या वर वारंवार जात असतील आणि ॲम्प साध्या ट्रान्सफॉर्मरचा असेल, तरच इथे या.

फ्रिज-टीव्हीसाठी मिळतो तो रिले स्टॅबिलायझर. तो टप्प्याटप्प्याने व्होल्टेज बदलतो आणि प्रत्येक वेळी 'टक्' करतो. कधीकधी तो टक् स्पीकरमधूनही ऐकू येतो. अडचणीत चालेल, पण ऑडिओसाठी सर्वो जास्त बरा. त्यात मोटर कार्बनचा ब्रश फिरवत व्होल्टेज हळूहळू जागेवर आणते आणि आउटपुट साधारण १ टक्क्याच्या आत ठेवते. ब्रश झिजतो, त्याची देखभाल करावी लागते, आणि यंत्र स्वतः थोडं गुणगुणतं, म्हणून ते ऐकण्याच्या खोलीबाहेर ठेवा. फिरणारे भाग नसलेले स्टॅटिक स्टॅबिलायझरही आता मिळतात. ते झटपट सुधारणा करतात, पण काही मॉडेलं हाय फ्रिक्वेन्सीची गडबड लाइनवर सोडतात, त्यामुळे घरी लावून ऐकल्याशिवाय घेऊ नका.

किती केव्हीएचा (म्हणजे किती हजार व्हीए; व्हीए म्हणजे व्होल्ट गुणिले अँप)? सगळ्या उपकरणांमागचे वॅट जोडा. समजा ॲम्प ४००, सबवूफर १५०, बाकी सगळं मिळून ५०. झाले ६००. ॲम्पच्या सप्लाय करंट सलग न घेता लाटेच्या माथ्यावर झटक्याने ओढतात, त्यामुळे व्हीए वॅटपेक्षा बरेच जास्त होतात. ६००ला ०.६५ने भागा, साधारण ९२० आले. त्याच्या दुप्पट धरा आणि २ केव्हीए घ्या. घरात ऐकताना प्रत्यक्ष सरासरी वापर याच्या पाव हिस्साही नसतो, पण चालू करतानाचा धक्का आणि मैफल रंगल्यावरचे चढ झेलायला जागा हवी.

पायरी ६: घूं, गुरगुर, खरखर

लोक कंडिशनर शोधायला निघतात ते बहुतेक याच तक्रारीपायी. १०० हर्ट्झची गुंजन म्हणजे खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर. संथ आलापात गायक थांबतो, फक्त तानपुरा उरतो, आणि नेमकी तेव्हा ही आगंतुक तार शेजारी वाजत राहते. ज्याला ती एकदा ऐकू आली त्याचं लक्ष पुन्हा गाण्यात लागत नाही. म्हणून ही तक्रार मनावर घ्यावी अशीच आहे, पण औषध योग्य हवं.

आधी कान कुठे लावायचा ते ठरवा. आवाज स्पीकरमधून न येता ॲम्पच्या डब्यातून येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरचा आहे. लाइनवर थोडासा जरी डीसी असला तरी टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो. अर्ध्या वेगावर चालणारा हेअर ड्रायरसुद्धा हा डीसी निर्माण करू शकतो. गुरगुर ठरावीक वेळीच येत असेल तर हाच संशय धरा. यावर डीसी ब्लॉकर नावाचं छोटं उपकरण मिळतं, आणि ते काम करतं.

आवाज स्पीकरमधून येत असेल तर ॲम्प बंद करून सगळ्या इनपुट केबल काढा आणि ॲम्प पुन्हा चालू करा. घूं गेली? मग तो बहुधा ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन उपकरणांचे अर्थ आणि त्यांमधली केबल मिळून झालेलं कडं, ज्यातून नको तो करंट फिरतो. आता एकेक केबल परत लावत जा. दरवेळी लावताना ॲम्प बंद. कुठल्या केबलला घूं परतते ते पाहा. गुन्हेगार बहुतेक वेळा सेटटॉप बॉक्स किंवा कॉम्प्युटर निघतो. सगळी उपकरणं एकाच बोर्डावर आणून बघा. केबल टीव्हीच्या वायरवर आयसोलेटर लावा. कॉम्प्युटर ऑप्टिकल केबलने डॅकला जोडा. ॲम्पची अर्थची पिन तोडून किंवा टू-पिन लावून घूं घालवायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. आत फेज पत्र्याला लागली तर वाचवणारी तीच एक वायर आहे.

घूं नसून खरखर, चर्र किंवा टिकटिक असेल तर बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर रेडिओ काढा. मीडियम वेव्हवर, दोन स्टेशनांच्या मध्ये लावा आणि घरभर फिरवा. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरजवळ, स्वस्त एलईडी बल्बखाली, मोबाइलच्या चार्जरशेजारी खरखर कशी वाढते ते तुम्हीच ऐकाल. ज्या वस्तूजवळ सर्वांत जास्त ओरडतो ती बंद करून सिस्टीम ऐका. एखादा बल्ब किंवा चार्जर बदलून प्रश्न सुटला तर फिल्टर घ्यायची गरजच नाही.

खरखर शेजाऱ्यांकडून किंवा खालच्या वर्कशॉपमधून येत असेल, तर मात्र फिल्टरला खरं काम आहे. कॉमन मोड चोक (फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर एकदम येणारी गडबड अडवणारी कॉइल) असलेला चांगला फिल्टर सोर्स उपकरणांना, म्हणजे डॅक, स्ट्रीमर, फोनो प्रीॲम्पला (रेकॉर्ड प्लेअरचा बारीक सिग्नल वाढवणाऱ्याला) लावा. मोठा ॲम्प सुरुवातीला थेट भिंतीतल्या सॉकेटात ठेवा, कारण कमी क्षमतेच्या फिल्टरमधून त्याला लागणारा झटक्याचा करंट मिळत नाही. त्याहून पुढची पायरी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची. तो घरच्या लाइनपासून सिस्टीम चुंबकीय जोडणीने अलग करतो आणि बरीच गडबड अडवतो. तो जड असतो, थोडा तापतो, स्वतः गुणगुणू शकतो, आणि त्याच्या पुढच्या बाजूला न्यूट्रल-अर्थ कसा जोडायचा हे परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच ठरवायला हवं. रिजनरेटर सगळ्यांत शेवटी. तो एसीचा डीसी करून पुन्हा स्वच्छ एसी बनवतो. उत्तम काम करतो, पण त्या किमतीत स्पीकर एक पायरी वरचे येत असतील तर स्पीकर घ्या.

इन्व्हर्टर, आणि परदेशातून आणलेलं सामान

घरचा इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाइट गेल्यावर ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प त्यावर चालवू नका. तो घुमतो आणि तापतो. साइन वेव्ह इन्व्हर्टर चालतो. ऑनलाइन यूपीएस विजेच्या बाबतीत चांगला, पण त्याचा पंखा ऐकण्याच्या खोलीत सहन होत नाही.

अमेरिकेतून भाऊ-बहिणीने आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरवर चालतो. जपानचं सामान १०० व्होल्टचं असतं, त्याला ११०चा ट्रान्सफॉर्मर लावू नका, १००चाच मागा. रेकॉर्ड प्लेअरची गंमत वेगळी आहे. त्यात लाइनच्या फ्रिक्वेन्सीवर फिरणारी सिंक्रोनस मोटर असेल आणि ती ६० हर्ट्झची असेल, तर ट्रान्सफॉर्मर लावूनही ३३⅓ची तबकडी मिनिटाला २७.८ फेऱ्यांवर फिरेल. पट्टी तीन अर्ध्या स्वरांहून (सेमीटोनहून) थोडी जास्त खाली घसरते. त्यासाठी ५० हर्ट्झची पुली किंवा मोटरचा वेगळा सप्लाय लागतो.

दुकानात गेल्यावर

स्वतःची आकड्यांची वही बरोबर न्या. विचारा: हा कोणता दोष दूर करतो? सलग किती अँप देतो? आत एमओव्हीशिवाय काय आहे? अर्थ नसेल तर काय होतं? स्टॅबिलायझर असेल तर इनपुटची रेंज तुमच्या वहीतल्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकड्यांना सामावते का, ते डब्यावरच्या पट्टीवर स्वतः वाचा. 'साउंड स्टेज मोठं होतं' एवढंच उत्तर मिळालं तर पैसे देऊ नका. आठवडाभर घरी लावून पाहायची मुभा मागा, आणि आवडलं नाही तर परत घेण्याची अट बिलावरच लिहून घ्या.